मुळशीची खाचरे

पुण्याहून पौडच्या रस्त्याने पश्चिमेस घाटमाथ्याच्या रोखाने गेले म्हणजे डोंगरांच्या कुशीत एक विस्तीर्ण जलाशय दृष्टीस पडतो. पावसाळ्यात सुटीच्या दिवशी तेथे नगरवासीयांची दाटी असते, आणि ती असावी इतका तो प्रदेश रमणीय आहे यात संशय नाही. परंतु इतिहासाच्या अध्यापकास एक खोड जडलेली असते. पाणी दिसले की त्याच्या तळाशी काय आहे हे विचारल्यावाचून त्यास राहवत नाही. मुळशीच्या पाण्याच्या तळाशी भाताची खाचरे आहेत, आणि त्या खाचरांसाठी १९२१ ते १९२४ या काळात जो लढा झाला, त्याची आठवण आपल्या सुशिक्षित घरांतून जवळजवळ पुसली गेली आहे. सेनापती बापट हे नाव मात्र उरले. ते सेनापती कोणत्या सेनेचे, हा प्रश्न मी दरवर्षी वर्गात विचारतो. उत्तर क्वचितच मिळते.

मावळची शेती ज्यांनी जवळून पाहिली नाही त्यांस या लढ्याचे मर्म कळावयाचे नाही, म्हणून तिच्याविषयी थोडे विस्ताराने सांगतो. खोऱ्याच्या तळाशी, नदीच्या दोन्ही अंगांस, बांध घालून पायरीपायरीने केलेली भाताची खाचरे असतात. खाचर निसर्गतः सापडत नाही. ते करावे लागते. दरसाल पावसाने फुटणारे बांध पुन्हा धरीत, माती अडवीत, पिढ्यानपिढ्या खपून एकेक खाचर सिद्ध झालेले असते. त्याच्या वर डोंगरउतारावर वरकस जमीन. तीत नाचणी आणि वरी पिके, तीही काही वर्षे जमीन विसाव्यास टाकून. याच वरकसातला पालापाचोळा आणि फांद्या आणून, शेणासह पसरून, उन्हाळ्यात राब भाजावयाचा; त्या भाजलेल्या वाफ्यात भाताचे रोप तयार करावयाचे; आणि मग ते खाली खाचरात लावावयाचे. गुरे डोंगरावर चरतात, त्यांचे शेण खाली येते. खालचा पेंढा वर गोठ्यात जातो. तात्पर्य, डोंगर आणि खोरे ही दोन शेते नव्हेत, ते एकच शेत आहे. त्याचा खालचा अर्धा भाग बुडाला म्हणजे वरचा अर्धा शिल्लक राहिला असे हिशेबाच्या वहीत लिहिता येते. पोट भरण्याच्या दृष्टीने तो शिल्लक राहत नाही. नुकसानभरपाईच्या सगळ्या व्यवहारात ही गोष्ट कोणी जमेस धरली नाही.

आता दुसरी बाजू. मुंबईच्या गिरण्या दगडी कोळशावर चालत. तो लांबून आणावा लागे आणि त्याच्या धुराने शहर काळवंडे. सह्याद्रीवर कोसळणारा पाऊस अडवून त्याची वीज करावी, ही कल्पना जमशेटजी टाटांची. ते १९०४ साली वारले. त्यांच्या पुत्रांनी ती तडीस नेली. १९१५ साली खोपोलीस पहिले वीजघर चालू झाले, पुढे आंध्र नदीच्या खोऱ्यातील पाणी भिवपुरीस उतरविण्यात आले, आणि तिसरी योजना मुळशीची. नीला आणि मुळा यांच्या संगमानजीक धरण बांधावयाचे आणि जे पाणी स्वभावतः पूर्वेस भीमेत, कृष्णेत आणि शेवटी बंगालच्या उपसागरात जावयाचे, ते बोगद्यातून पश्चिमेस वळवून कोकणात भिरा येथे दीड हजार फुटांहून अधिक उंचीवरून खाली सोडावयाचे. स्थापत्याच्या दृष्टीने ही योजना भव्य होती, हे तिच्या विरोधकांसही मान्य करावे लागेल. मात्र तीत पन्नासाच्या आसपास गावे सापडत होती, आणि तेथील शेतकऱ्यांस रीतसर कळविण्यापूर्वीच त्यांच्या जमिनींत खोदकामास आरंभ झाला.

जमीन घेण्याचे साधन १८९४ चा भूसंपादन कायदा हे होते. ‘सार्वजनिक हित’ या दोन शब्दांच्या आधारे सरकारास कोणाचीही जमीन घेता येई, आणि ती एका खाजगी कंपनीच्या स्वाधीनही करता येई. मालकाने किंमतीविषयी तक्रार करावी. ‘जमीन देत नाही’ असे म्हणण्याची सोय त्यात नव्हती. हा कायदा इंग्रज गेल्यावरही सहासष्ट वर्षे चालला. २०१३ साली संसदेने नवा कायदा केला आणि तो १ जानेवारी २०१४ पासून अमलात आला. खाजगी कंपनीसाठी जमीन घ्यावयाची तर बाधित कुटुंबांपैकी निदान ८० टक्के कुटुंबांची संमती हवी, अशी अट त्यात प्रथमच आली; अन्नसुरक्षेच्या रक्षणासाठी स्वतंत्र प्रकरणही त्यात घालण्यात आले. मुळशीच्या मावळ्यांनी जे मागितले ते कायद्याच्या भाषेत उतरण्यास नव्वदांहून अधिक वर्षे लागली.

१९२१ साली पुण्याच्या पुढाऱ्यांसमोर मोठा पेच होता. लोकमान्य जाऊन वर्षही झाले नव्हते. परदेशी भांडवलाविरुद्ध लोकांस जागे करणे त्यांच्या अंगवळणी पडले होते. येथे समोर स्वदेशी कंपनी होती, जिच्याविषयी त्यांनीच आजवर अभिमान बाळगला होता. स्वदेशी कारखाना मोठा की स्वदेशी शेतकरी, हा प्रश्न इतक्या उघडपणे पूर्वी कोणी कोणास विचारला नव्हता. तरी ‘केसरी’कार न. चिं. केळकर यांच्यासह अनेकांनी मावळ्यांची बाजू घेतली. प्रत्यक्ष मावळात राहून लोकांस संघटित करण्याचे काम पांडुरंग महादेव बापट, विनायकराव भुस्कुटे, शंकरराव देव आदींनी केले. बापट हे पारनेरचे. एडिंबरोस शिकावयास गेलेले आणि बाँबची विद्या घेऊन परतलेले. असा मनुष्य सत्याग्रहाच्या अग्रभागी यावा, ही त्या काळाची एक गंमतच म्हणावयाची.

१६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, सुमारे बाराशे मावळे धरणाच्या जागी जाऊन बसले. काम थांबले. ‘जान किंवा जमीन’ ही त्यांची घोषणा होती. गांधीजींनी ‘यंग इंडिया’त लिहून या सत्याग्रहास आशीर्वाद दिला, आणि टाटांच्या घराण्याने कायद्याच्या हक्कावर न अडता लोकांशीच बोलावे अशी विनंती केली. कंपनीने सहा महिने काम बंद ठेवण्याचे मान्य केले. पण मुदत संपल्यावर, त्याच वर्षाच्या अखेरीस, ते पुन्हा सुरू झाले, आणि मग अटका व शिक्षा यांचे सत्र लागले. ‘काळ’कर्ते शि. म. परांजपे यांनीही उतारवयात या लढ्यापायी सहा महिन्यांचा तुरुंगवास सोसला.

लढा हरला तो केवळ तुरुंगामुळे नव्हे. पुष्कळ जमिनी कागदोपत्री कसणाऱ्यांच्या राहिल्याच नव्हत्या. त्या पुण्याच्या सावकारांकडे गेल्या होत्या आणि मावळे आपल्याच खाचरात कूळ म्हणून राबत होते. सावकारास खाचर काय आणि रोकड काय, दोन्ही सारखीच. किंबहुना रोकड अधिक सोयीची. भरपाईचा भाव बरा येतोसे दिसताच त्यांचा उत्साह मावळला आणि ते कंपनीशी बोलणी करून मोकळे झाले. हे सावकार आपल्याच पेठांतले, आपल्याच नात्यागोत्यातले होते. आमच्याही घराण्याचे एक जुने खातेपुस्तक माझ्यापाशी आहे. त्यात पौड-मुळशीकडील काही कुळांची नावे आहेत. ती वाचताना मला पूर्वजांचा अभिमान वाटत नाही. राजकीय सभांतून मावळ्यांसाठी टाळ्या वाजविणारा आणि भरपाईच्या कचेरीत पैसे मोजून घेणारा समाज बहुतांशी एकच होता, असे म्हणणे मला भाग आहे.

राजेंद्र व्होरा यांनी या लढ्यावर लिहिलेला इंग्रजी ग्रंथ २००९ साली प्रसिद्ध झाला. त्यात त्यांनी त्यास जगातील पहिली धरणविरोधी चळवळ म्हटले आहे. कोणी म्हणेल की अमेरिकेत हेच-हेची खोऱ्याच्या धरणावरून १९१३ पूर्वीच मोठा वाद झाला होता. खरे आहे, परंतु तो वाद सृष्टिसौंदर्यासाठी होता, आणि लढणारांपैकी कोणाची चूल त्या खोऱ्यात पेटत नव्हती. मुळशीचे खरे साधर्म्य आहे ते कॅलिफोर्नियातील ओवेन्स खोऱ्याशी. तेथील पाणी लॉस अँजेलिस शहराने कालव्याने ओढून नेल्यावर शेतकऱ्यांनी १९२४ च्या मे महिन्यात त्या कालव्यास सुरुंग लावला. दोन्हीकडे कथा एकच: एक तहानलेले महानगर, एक हिरवे खोरे, आणि मधे कायदा.

त्याच १९२४ सालच्या ९ डिसेंबरास बापटांनी धरणाच्या कामाची आगगाडी रुळांवर दगड रचून अडविली. हाती पिस्तूल होते. अनुयायी पांगले होते, पैसे घेतलेली गावे उठू लागली होती. बापटांस हे दिसत नव्हते असे नाही. आपण केले ते उघड करावे आणि त्याची शिक्षा स्वतः भोगावी, यास ते शुद्ध सत्याग्रह म्हणत. गांधीजींस तो पटणे शक्य नव्हते आणि मलाही तो पुरता पटत नाही. त्यांस सात वर्षांची शिक्षा होऊन दूर सिंधमध्ये हैदराबादच्या तुरुंगात धाडण्यात आले. १९२७ साली धरण पुरे झाले, खाचरांवर पाणी चढले आणि भिऱ्याची यंत्रे फिरू लागली. बापट १९३१ साली सुटून आले, तेव्हा त्या पाण्यावर चार पावसाळे होऊन गेले होते.