तीन कंठांचें गाणें

(नभोवाणीवरील भाषण)



परकी भाषा शिकावयास बसलेला मनुष्य प्रथम व्याकरण उघडतो आणि बहुधा तेथेंच थकतो. जॉर्जियाची भाषा तर थकविण्यांत विशेष कुशल आहे. काळा समुद्र आणि कॉकेशस पर्वत यांच्या कुशींत वसलेल्या त्या लहानशा देशाची ही भाषा रशियन, तुर्की किंवा आर्मेनियन यांपैकीं कोणाचीहि बहीण नव्हे. तिची लिपीहि स्वतंत्र असून तींतील शिलालेख पांचव्या शतकापासून सांपडतात. मराठी मनुष्य तर पहिल्याच पाठांत दचकतो, कारण तेथें आईला 'देदा' म्हणतात आणि 'मामा' म्हणजे बाप! अशा भाषेंत गाण्याच्या आणि नाचाच्या दारानेंच शिरावें, असें माझ्यासारख्या जुन्या शाळामास्तराचें मत आहे. कारण त्या लोकांचा इतिहास त्याच दारावर कोरलेला आहे.

आपलें गाणें मुख्यतः एका कंठाचें. साथीला तंबोरा, तबला, पेटी असली तरी राग वाढवितो तो एकच गवई. जॉर्जियांतील शेतकऱ्याचें गाणें मात्र तीन कंठांचें असतें. तीन आवाज एकाच वेळीं तीन निरनिराळ्या वाटांनीं चालतात आणि शेवटीं एका ठिकाणीं येऊन विसावतात. नवशिक्यानें त्या आवाजांचीं नांवें आधीं पाठ करावींत. गाणें उचलणारा तो 'म्तक्मेली', म्हणजे सांगणारा. त्याला साद देणारा तो 'मोझाखिली', म्हणजे हांक घालणारा. आणि खालचा स्वर सांभाळून दोघांना आधार देणारा तो 'बानी'. गाणें म्हणजे एक संभाषणच आहे, ही गोष्ट या नांवांवरूनच कळून येते. हा प्रकार नवा नव्हे. बाराव्या शतकांतील तत्त्वज्ञ इओआने पेत्रित्सी यानें ईश्वराच्या त्रिविध स्वरूपाचें विवेचन करतांना तीन स्वरांच्या मेळाचाच दाखला दिलेला आहे.

प्रांताप्रांतानें या संभाषणाची तऱ्हा बदलते. पूर्वेकडील काखेती हा द्राक्षमळ्यांचा मुलूख. तेथें खालचा आवाज एकच स्वर लांबवून धरतो आणि वरचे दोघे त्यावर नक्षी काढतात. उंच पहाडांतील स्वानेतींत तिघेहि खांद्याला खांदा लावून सरकतात. पश्चिमेच्या गुरियांत मात्र प्रत्येकजण स्वतंत्र चालीनें धांवतो. तेथील सर्वांत वरच्या, गिरक्या घेणाऱ्या आवाजाला 'क्रिमान्चुली' म्हणतात. त्यांत अर्थाचे शब्द नसतात, नुसतीं अक्षरें असतात. त्यामुळें नवशिक्याला तेवढ्यापुरती कोशाची गरज पडत नाहीं!

आतां शब्दांकडे वळूं. मेजवानीला 'सुप्रा' म्हणतात आणि तिच्या यजमानपदावर बसून एकेक शुभचिंतन करणारा तो 'तामादा'. त्या वेळीं 'म्रावालझामिएर' हें गीत होतें. 'म्रावाली' म्हणजे पुष्कळ, 'झामी' म्हणजे काळ. आपल्या 'चिरायु हो' सारखा हा आशीर्वाद. रस्त्यांत दोघे भेटले म्हणजे 'गामार्जोबा' म्हणतात. त्याचा मूळ अर्थ विजय. अरब, मंगोल, इराणी आणि तुर्क यांच्या स्वाऱ्या ज्यांनीं शतकानुशतकें सोसल्या त्यांनीं नमस्कारांतहि विजयच मागावा, यांत नवल नाहीं. या स्वाऱ्यांचा एक धागा आपल्या गोव्यापर्यंत आलेला आहे. काखेतीची राणी केतेवान हिला 1624 मध्यें शिराझ येथें शहा अब्बासाच्या आज्ञेनें छळून मारण्यांत आलें. तिच्या अस्थींचा कांहीं भाग ऑगस्टिनियन पाद्र्यांनीं जुन्या गोव्यांत आणिला. तेथील मठाच्या अवशेषांत त्या सांपडल्या, आणि 2021 मध्यें भारत सरकारनें त्यांचा अंश जॉर्जियाच्या स्वाधीन केला.

घरगुती गाण्यांत 'इआवनाना' ही अंगाई फार गोड. 'इआ' म्हणजे जांभळें व्हायोलेटचें फूल. गोवर किंवा देवी आलेल्या मुलाच्या उशाशीं हें गीत म्हणत, कारण त्या रोगांना ते लोक 'बातोनेबी', म्हणजे धनी किंवा मालक, असें आदरानें म्हणत आणि गाण्यानें त्यांना प्रसन्न करूं पाहत. ज्या महाराष्ट्रांत त्या रोगाला 'देवी' म्हणत, तेथें हें कोणास समजावून सांगावयास नको.

नाचाला 'त्सेक्वा' म्हणतात. दक्षिण-पश्चिमेकडील 'खोरुमी' हा केवळ पुरुषांचा युद्धनाच. त्याचा ताल पांच मात्रांचा असून तळासाठीं जागा शोधणें, शत्रूचा माग काढणें, लढाई आणि विजय असे त्याचे टप्पे असतात. 'कार्तुली' हा स्त्री-पुरुषांचा नाच याच्या अगदीं उलट. पायघोळ वस्त्रांत पावलें झांकलेली स्त्री पाण्यावर हंस तरंगावा तशी सरकते. पुरुष तिच्या भोंवतीं फिरतो, परंतु तिच्या वस्त्रालाहि स्पर्श करीत नाहीं. आणि विद्यार्थ्यानें हें ध्यानांत ठेवावें कीं, त्यांच्या भाषेचें नांवहि 'कार्तुली' हेंच आहे.

या भाषेवर आणि गाण्यावर एकदमच संकट आलें. 1801 मध्यें रशियानें पूर्व जॉर्जिया खालसा केला आणि 1811 मध्यें तेथील धर्मपीठाचें स्वातंत्र्य काढून घेतलें. देवळांतून हळूहळू रशियन पद्धतीची उपासना आली आणि गुरुमुखानें चालत आलेलीं त्रिस्वर स्तोत्रें मागें पडूं लागलीं. तेव्हां कांहीं माणसें कामाला लागलीं. याकोब गोगेबाश्विली या शिक्षकानें 1876 मध्यें 'देदा एना', म्हणजे मातृभाषा, हें बालबोध पुस्तक काढलें. इटलींत नांव मिळविलेला गायक फिलिमोन कोरिद्झे रंगभूमि सोडून मायदेशीं परतला आणि वृद्ध गायकांपुढें बसून त्यानें हजारों स्तोत्रें स्वरलिपींत उतरविलीं. पुढें सोविएत राजवटींत देवळेंच बंद पडूं लागलीं, तेव्हां एक्व्थिमे केरेसेलिद्झे या साधूनें तीं हस्तलिखितें जिवापाड जपलीं.

तथापि कागद म्हणजे कंठ नव्हे. गुरियाचे आर्तेम एर्कोमाइश्विली यांना जुनीं स्तोत्रें तिन्ही आवाजांसह येत होतीं. पण त्यांच्याबरोबर गाणारे सोबती दिवंगत झाले होते. 1966 मध्यें तिब्लिसीच्या संगीत विद्यालयांत त्यांनीं प्रथम एक आवाज ध्वनिफितीवर गायिला. ती फीत ऐकत दुसरा गायिला. आणि दोन्ही ऐकत तिसरा. तिघांचें संभाषण एकट्या वृद्धानें अशा रीतीनें सुमारें शंभर स्तोत्रांत पुरें केलें. पुढच्याच वर्षीं ते वारले.

त्यांचें श्रम वायां गेले नाहींत. त्यांचे नातू आन्झोर यांनीं 1968 मध्यें 'रुस्तावी' हा गायकसंघ स्थापिला. काखेतीचें 'चाक्रुलो' हें गीत 1977 मध्यें व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळांत गेलें, आणि 2001 मध्यें युनेस्कोनें या गानपद्धतीचा मानवजातीच्या थोर वारशांत गौरव केला. पण खरा लाभ हा कीं, आतां तरुण मंडळी तिघे-तिघे जमून तींच स्तोत्रें पुन्हां गातात.

म्हणून ही भाषा शिकूं इच्छिणाऱ्यास माझें सांगणें एवढेंच: शब्द एकट्यानें पाठ करावे, परंतु गाणें शिकतांना दोन सोबती अवश्य मिळवावे. एकानें सांगावें, दुसऱ्यानें साद घालावी, तिसऱ्यानें आधार द्यावा. भाषा जगते तीहि याच रीतीनें.