वैऱ्याची साक्ष

राजापूरची इंग्रजांची वखार आपल्या जिल्ह्यातल्या शाळकरी पोरालाही ठाऊक असते. १६६० साली सिद्दी जौहरने पन्हाळ्याला वेढा घातला, तेव्हा या वखारीतले इंग्रज दारूगोळा घेऊन त्याच्या मदतीस गेले. शिवाजी महाराजांनी १६६१ साली वखार लुटली नि त्यांना कैदेत टाकले. त्या कैद्यांची पत्रे महाराजांविषयी काही गोड बोलत नाहीत; पण इतिहासकाराला तीच मोलाची वाटतात. भाट धन्याची स्तुती करणारच. वैऱ्याने सहज नोंदलेली गोष्ट मात्र सहसा पोकळ नसते.

ख्रिस्ती धर्माच्या आरंभालाही हाच न्याय लावून पाहू. शुभवर्तमाने लिहिणारे येशूचे अनुयायीच. मग परके काय म्हणतात?

रोमचा इतिहासकार टॅसिटस घ्या. त्याला ख्रिस्ती लोकांचा भारी तिटकारा. इ. स. ६४ मध्ये रोम जळाले, नि नीरो बादशहाने आळ त्यांच्यावर घातला. हे सांगता सांगता तो लिहून जातो की, या पंथाच्या मूळ पुरुषाला तिबेरियसच्या अमदानीत पिलाताने देहदंड दिला. आता टॅसिटस लिहितो ऐंशीएक वर्षांनी. ही माहिती त्याला ख्रिस्ती लोकांच्या बोलण्यातूनच मिळाली नसेल कशावरून, ही शंका राहतेच. पिलाताचा हुद्दाही त्याने चुकवलेला दिसतो. १९६१ साली कैसरिया येथे पिलाताच्या नावाचा शिलालेख सापडला, त्यात हुद्दा निराळा आहे. माणूस खरा, हुद्दा चुकला! शिक्षकबंधूंनी हे मुलांना जरूर सांगावे.

यहुदी इतिहासकार जोसेफसच्या ग्रंथात एके ठिकाणी येशूच्या भावाचा, याकोबाचा, ओझरता उल्लेख येतो. तो बहुतेक अभ्यासक अस्सल मानतात. दुसऱ्या उताऱ्यात तर तो येशूला ख्रिस्त म्हणून मोकळा होतो. यहुदी राहिलेला माणूस असे लिहील कसे? नकलकारांनी मागाहून भर घातली, दुसरे काय! आपल्या बखरींच्या नकलांत हे थोडे का झाले आहे?

मला सर्वांत मोलाचा वाटतो तो धाकटा प्लिनी. याच्या मामाने, थोरल्या प्लिनीने, हिंदुस्थानच्या किनाऱ्यावरचे सिगेरस बंदर नोंदले आहे. ते आपले जयगडच, असे काहींचे मत. भाचा काळ्या समुद्राकाठी सुभेदार होता. इ. स. ११२ च्या सुमारास त्याने ट्रेजन बादशहाला विचारले, या लोकांचे करू तरी काय? चौकशीत निघाले ते इतकेच: हे लोक ठरल्या दिवशी पहाटे जमतात, ख्रिस्ताला देव मानून भजन म्हणतात, चोरी-व्यभिचार न करण्याची शपथ घेतात. खात्रीसाठी त्याने पंथाच्या दोन सेविकांचे, दासी होत्या बिचाऱ्या, हाल केले. गुन्हा असा काही सापडला नाही. येशूच्या चमत्कारांचा निवाडा या पत्राने होत नाही. पण ऐंशी वर्षांत पंथ कुठवर पोचला होता, ते कळते.

बादशहाचे उत्तरही शिल्लक आहे. त्यांना हुडकत फिरू नये, आणि निनावी अर्ज तर मुळीच घेऊ नयेत, असे त्याने कळवले.