सोलापूर नगरपालिकेचे दरमहा 40 रुपये

सोलापूरच्या इतिहासाचा विषय निघाला की आपण थेट 12 जानेवारीवर येतो. 1931 साली त्या दिवशी येरवड्यात मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन फासावर गेले. कुर्बान हुसेन आपले म्हणून आपण जरा जास्तच भरभरून बोलतो, आणि त्यात काही गैर नाही. मला आज लिहायचे आहे ते मात्र 4 जानेवारीबद्दल. ही तारीख कुणाच्या लक्षात नसते.

4 जानेवारी 1925 रोजी सोलापुरात अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी एक वसतिगृह सुरू झाले. ते काढले होते बहिष्कृत हितकारिणी सभेने. डॉ. आंबेडकरांनी ही सभा जेमतेम सहा महिन्यांपूर्वी, जुलै 1924 मध्ये मुंबईत स्थापन केली होती. हायस्कूलात शिकणाऱ्या मुलांचे जेवण, कपडे, वह्या-पुस्तके यांचा खर्च सभा करायची. व्यवस्था पाहायचे जिवाप्पा ऐदाळे, जे पुढे 1937 साली स्वतंत्र मजूर पक्षातर्फे मुंबईच्या विधानसभेत निवडून गेले. या वसतिगृहाला सोलापूर नगरपालिकेने दरमहा 40 रुपये अनुदान दिले.

रक्कम लहान आहे, पण ती दानाची नव्हती. शेठ-सावकाराने दिलेला चंदा आणि नगरपालिकेने दिलेले अनुदान यांत मोठा फरक आहे. चंदा देणाऱ्याचे उपकार मानावे लागतात. अनुदान कमी पडले तर भांडता येते, कारण तो पैसा कराचा असतो आणि कर भरणाऱ्यांत आपणही असतो.

हा फरक आपल्याकडे सर्वांत आधी जोतीराव फुल्यांनी मांडला. 1882 मध्ये हंटर आयोग शिक्षणाची चौकशी करायला आला, तेव्हा फुल्यांनी निवेदन दिले. सरकारची तिजोरी रयतेच्या घामाने भरते आणि खर्च होतो वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर, हे त्यांनी स्पष्ट लिहिले. प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा, अशी मागणी केली. मुसलमान मुले सरकारी शाळांपासून दूर राहतात, याचीही त्यात नोंद आहे.

त्याच आयोगापुढे बद्रुद्दीन तय्यबजींचीही साक्ष झाली. 1874 मध्ये मुंबईत अंजुमन-ए-इस्लाम स्थापन करणाऱ्यांपैकी ते एक. तिकडे कलकत्त्याहून अमीर अलींच्या नॅशनल मोहम्मडन असोसिएशनने त्याच वर्षी व्हाइसरॉयला निवेदन पाठवले होते. अशा सगळ्या रेट्यातून आयोगाने मुस्लिम शिक्षणाबद्दल 17 शिफारशी केल्या. त्यांतली पहिलीच पैशाची आहे: मुस्लिम शिक्षणाला खास उत्तेजन देण्याचा खर्च हा स्थानिक, नगरपालिका आणि प्रांतिक निधीवरचा रास्त भार मानावा. अंमलबजावणी किती झाली हा वेगळा विषय. पण 'रास्त' हा शब्द सरकारी अहवालात आला, तो मागितल्यावरच.

आता 12 मार्च 1927. महाडच्या चवदार तळ्याच्या आधीचा आठवडा. मुंबई कायदेमंडळात नुकतेच दाखल झालेले आंबेडकर शिक्षणाच्या अनुदानावर बोलायला उभे राहिले. त्यांचे हे भाषण महाराष्ट्र शासनाने छापलेल्या त्यांच्या इंग्रजी वाङ्मयाच्या दुसऱ्या खंडात आहे, आणि माझ्या मते प्रत्येक मुस्लिम शिक्षकाने ते वाचावे. सरकार शिक्षणावर माणशी 14 आणे खर्च करते, आणि दारूवरच्या करातून माणशी दोन रुपयांहून अधिक वसूल करते. निदान जेवढे घेता तेवढे तरी शिक्षणावर खर्च करा, असे ते म्हणाले. गिरण्यांच्या सोलापुरात हा हिशेब कुणाला समजावून सांगावा लागला नसता.

मग त्यांनी जमातवार आकडे ठेवले. प्राथमिक शाळेत दर हजार लोकसंख्येमागे पुढारलेल्या हिंदूंची 119 मुले, मुसलमानांची 92, मागासवर्गीयांची 18. माध्यमिक शाळेत दर लाखामागे पुढारलेल्यांची 3000, मुसलमानांची 500, मागासांची 14. कॉलेजात दर दोन लाखांमागे पुढारलेले 1000, मुसलमान 52, मागास जवळजवळ शून्य. आपली उतरण पाहा: पहिलीच्या दारात आपण फार मागे नाही, वर चढताना गळत जातो. शंभर वर्षे होत आली, तरी हे वाक्य आजच्या घडीला जसेच्या तसे वापरता येते.

या आकड्यांवरून 'मुसलमानांना जास्त मिळते, ते आम्हाला द्या' असे आंबेडकर म्हणू शकले असते. ते म्हणाले वेगळेच. ज्यांची स्थिती समान नाही त्यांना समान वागवणे म्हणजे त्यांच्याकडे दुर्लक्ष करणे. सरकारने मुसलमानांना खास वागणूक दिली हे चांगलेच केले. तक्रार एवढीच की तेच तत्त्व मागासवर्गीयांना लावले नाही. म्हणजे 1882 च्या निवेदनांनी जे तत्त्व मिळवून दिले, त्याच्याच आधारे 45 वर्षांनी आंबेडकर अस्पृश्यांसाठी मागणी करत होते.

2022 साली केंद्र सरकारने पहिली ते आठवीची प्री-मॅट्रिक शिष्यवृत्ती बंद केली. ही मर्यादा एकट्या अल्पसंख्याकांना नाही, दलित-आदिवासी मुलांच्या योजनेलाही तीच आहे. शिक्षण हक्क कायद्यात शिक्षण मोफतच आहे, हे कारण दिले गेले. आपल्याकडे दोन-चार निषेधाची भाषणे झाली, स्टेटस लागले. वही, गणवेश, रिक्षा यांवर एका मुलामागे वर्षाला किती खर्च होतो, याचा हिशेब मांडून दलित संघटनांबरोबर एकत्र निवेदन नेलेले माझ्या तरी पाहण्यात नाही. मी स्वतः लेख लिहिला आणि थांबलो, तेव्हा दोष इतरांना कशाला देऊ.

हिशेब उघड केल्याने काय होते, याचे उदाहरण आफ्रिकेत आहे. युगांडात 1991 ते 1995 या काळात सरकारने मुलांमागे मंजूर केलेल्या अनुदानापैकी सरासरी 13 टक्केच रक्कम शाळांपर्यंत पोचत होती. पुढे अनुदानाचे आकडे वर्तमानपत्रांत छापले जाऊ लागले, शाळांच्या फलकांवर लागू लागले. 2001 पर्यंत 80 टक्क्यांच्या आसपास पैसा पोचू लागला. सगळे श्रेय फलकाचे नाही, पण पालकांना आकडा कळला एवढे नक्की.

आपल्याकडेही दार आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 21 प्रमाणे सरकारी आणि पालिका शाळांच्या व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक लागतात आणि निम्म्या सदस्य महिला. कलम 22 प्रमाणे ही समिती शाळेचा विकास आराखडा करते, आणि अनुदान त्या आराखड्याच्या आधारे ठरायला हवे.

अशाच एका समितीवर असलेल्या, विड्या वळणाऱ्या एका बाजींना मी ही 40 रुपयांची गोष्ट सांगितली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "भाई, वो आराखडा बोलते सो कागद कोन लिखता? हमकू तो खाली सही करने बुलाते." पुढच्या बैठकीला त्या कोरी वही घेऊन जाणार आहेत. लिहून द्यायला मला बोलावले आहे.