अनामिक बाळाचे आजोळ

१५ एप्रिल १९१२ रोजी टायटॅनिक बुडाली. सहा दिवसांनी शोधनौकेच्या खलाशांना समुद्रात एका लहानग्याचा मृतदेह सापडला. कॅनडातील हॅलिफॅक्सच्या दफनभूमीत त्यांनी पदरमोड करून त्याच्यासाठी दगड उभारला: 'अनामिक बालक'.

२००१ मध्ये थडगे उकरले, तेव्हा दुधाचे तीन दात आणि हाडाचा ६ सें.मी.चा तुकडा एवढेच मिळाले. त्यांतून तंतुकणिकांमधला (मायटोकाँड्रिया) डीएनए काढता आला. गोत्र वडिलांकडून चालते. हा डीएनए मात्र आजोळचा, फक्त आईकडून येणारा. म्हणून बोटीवरच्या बेपत्ता बाळांची यादी घेऊन वंशावळीचे जाणकार कामाला लागले. प्रत्येकाची आई, आजी, मावश्या, मावश्यांच्या लेकी, त्यांच्या लेकी... असे उतरत हयात नातलग गाठायचा आणि त्याचा नमुना मागायचा.

दातांवरून वय ९ ते १५ महिने धरले गेले. २००२ मध्ये नाव जाहीर झाले: फिनलंडचा १३ महिन्यांचा एइनो पानुला.

आम्हाला या शोधात सर्वांत मोलाचे वाटतात ते बूट. एका पोलिसाने जपून ठेवलेले बाळाचे बूट संग्रहालयात आले, आणि ते १३ महिन्यांच्या पायाला मोठे होते! पुन्हा तपासणी झाली. डीएनएचा आधी पाहिलेला भाग इंग्लंडच्या गुडविन घराण्यातही तसाच होता. आणखी भाग तपासल्यावर फरक दिसला. २००७ मध्ये निष्कर्ष बदलला. तो १९ महिन्यांचा सिडनी गुडविन होता, सहा भावंडांतले शेंडेफळ. आईवडील धरून आठही जण बुडाले. बाकी सातांपैकी कोणाचाही मृतदेह ओळखला गेला नाही.