तारीख सांगायची नाही

ऑस्ट्रेलियातल्या न्यूकॅसलच्या ज्या घरात मी सध्या राहतो, तिथलं माझं काम एका शब्दात सांगता येतं: राखण. आमच्या तासगावात द्राक्षबागेला राखणदार असतो, इथे घराला. मालक म्हणजे सत्तरीचं जोडपं. थंडी चुकवायला मोटारीमागे कॅरव्हॅन जोडून दोघं क्वीन्सलँडच्या वरच्या अंगाला गेलेत. पिकल्या केसांच्या अशा भटक्यांना इथे ‘ग्रे नोमॅड’ म्हणतात. मागे राहिलो एक केल्पी कुत्री, चार कोंबड्या, लिंबाचं झाड आणि मी. भाडं मी देत नाही, पगार ते देत नाहीत. त्यात भाबडेपणा काही नाही. इथल्या बऱ्याच विमा पॉलिसींत घर सलग ६० दिवस रिकामं राहिलं की भरपाईला कात्री लागते. म्हणजे रात्री तिथे झोपणं हीच माझी चाकरी.

दारात माझी फोर्ड फाल्कन उभी आहे. स्टेशन वॅगन, मागे प्लायवुडचा पलंग, ३ लाख ८० हजार किलोमीटर पळालेली. व्हिसा संपायला पाच आठवडे आहेत आणि ती विकायची आहे.

गावी आबांना फोनवर हे सांगितलं, तर त्यांनी गाडीबद्दल काहीच विचारलं नाही. एवढंच म्हणाले, “विमानाची तारीख गिऱ्हाइकाला सांगितलीस का?” नाही म्हटलं. “मग सांगू नको.”

आबांनी खरसुंडीच्या यात्रेत खिलारी खोंडं विकलेली आहेत. ते सांगतात, हेडी म्हणजे गुरांचा व्यापारी खोंडाचे दात नंतर बघतो. आधी मालकाची चप्पल बघतो. किती लांबून चालत आलाय, वैरण किती उरलीय, मुक्काम कुठे आहे. ज्याला आज रात्री परतायचंय त्याचा भाव दुपारनंतर उतरतो, मग रुमालाखाली बोटं कितीही दाबा. प्रवास संपताना गाडी विकण्याची जी रीत गेल्या साठ-सत्तर वर्षांत जगभर पडली, तिच्यातही खरा भाव परतीच्या तारखेनेच ठरत आलाय.

या रीतीची एक मोठी वाट आपल्या दारावरून गेली होती. १९५७च्या एप्रिलमध्ये ‘इंडियामॅन’ नावाची बस लंडनहून कलकत्त्याला निघाली, आणि पुढची वीसेक वर्षं युरोपातली पोरं बसने नाहीतर खटारा गाड्यांनी तुर्कस्तान, इराण, अफगाणिस्तानमार्गे पूर्वेकडे येत राहिली. इस्तंबूलच्या ‘पुडिंग शॉप’मध्ये चहा पिता पिता भिंतीवरच्या फळ्यावर चिठ्ठ्या डकवायच्या: अमुक दिवशी निघतोय, दोन जागा आहेत, गाडी द्यायची आहे. पण गाडी कुठे विकायची यात मेख होती. भारतात आणायची तर ‘कार्ने’ लागायचं. ते मोटार संघटनेने दिलेलं हमीपत्र. त्यावर येताना शिक्का, जाताना शिक्का. गाडी देशाबाहेर गेली नाही तर जकातीची जबर रक्कम हमीदाराच्या, म्हणजे शेवटी मालकाच्या मानेवर. त्यामुळे भारतात येऊन गाडी सरळ मार्गाने विकून टाकणं जवळजवळ अशक्यच होतं. अंजुण्याच्या बुधवारच्या बाजारात पैसे संपलेल्या हिप्पींनी जीन्स विकल्या, कॅमेरे विकले. तिकिटापुरते पैसे करायला तेवढंच हाताशी होतं.

१९७२ साली टोनी आणि मॉरीन व्हीलर या नव्या जोडप्याने लंडनमध्ये ६५ पौंडांना जुनी मिनीव्हॅन घेतली, ती अफगाणिस्तानापर्यंत दामटली आणि काबूलमध्ये विकली, पाच पौंड नफ्याने. मला यात नफ्यापेक्षा त्यांचं टायमिंग आवडतं. त्यांना परतायचं नव्हतं, पुढे जायचं होतं. वाट बघणं परवडणारा माणूस विकणारा असला की असा सौदा होतो. पुढे बाली बेटावरून एका शिडाच्या बोटीने ते ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम किनाऱ्यावर उतरले आणि नाताळच्या दुसऱ्या दिवशी सिडनीत पोचले, तेव्हा खिशात २७ सेंट उरले होते. पुढच्या वर्षी त्यांनी त्या प्रवासावर छोटं पुस्तक काढलं आणि त्यातून ‘लोनली प्लॅनेट’ उभी राहिली. १९७९ मध्ये इराणात क्रांती झाली, वर्षाअखेर सोव्हिएत फौजा काबूलमध्ये शिरल्या, आणि ती वाट बंद पडली.

मग बाजार दोन टोकांना सरकला. एक टोक लंडनला. ऑस्ट्रेलियन आणि न्यूझीलंडची पोरं उन्हाळा लागताना फोक्सवॅगन कॉम्बी घ्यायची, युरोपभर फिरायची आणि थंडीच्या तोंडावर विकायची. आधी हा बाजार स्ट्रँडवरच्या ऑस्ट्रेलिया हाउसच्या आसपास भरे, नंतर कॅलेडोनियन रोडजवळच्या मार्केट रोडवर रांगा लागत. सगळेच घ्यायला वसंतात, विकायला शरदात. त्यात फायदा कोणाचा, ते आबांना विचारायला नको.

दुसरं टोक सिडनी. १९७५ मध्ये ऑस्ट्रेलियाने ‘वर्किंग हॉलिडे’ व्हिसा सुरू केला, पहिल्यांदा ब्रिटन, आयर्लंड आणि कॅनडाच्या तरुणांसाठी. फिरा, पैसे संपले की फळं तोडा, पुन्हा फिरा. एवढ्या पसरलेल्या देशात हे गाडीशिवाय जमत नाही. मग किंग्ज क्रॉसच्या व्हिक्टोरिया स्ट्रीटवर काचेला चिठ्ठ्या लावलेल्या व्हॅनची रांग लागायला लागली, आणि विकणारी मंडळी गिऱ्हाईक येईपर्यंत त्याच व्हॅनमध्ये झोपायची. पुढे वॉर्ड अव्हेन्यूच्या तळघरातल्या पार्किंगमध्ये रीतसर बाजार भरू लागला. तिथे जागेचं भाडं मोजावं लागे. म्हणजे विमानाची तारीख जवळ येतेय आणि खाली मीटरही पळतोय. विकणारे नरम पडायला आणखी काय हवं?

या बाजारात फाल्कनला मान का? १९६० ते २०१६ एवढी वर्षं ती या देशात बनली, त्यामुळे कुठल्याही आडगावच्या भंगारात तिचा भाग सापडतो. माझ्या फाल्कनला आणखी एक किंमत आहे: तिची नंबरप्लेट वेस्टर्न ऑस्ट्रेलियाची. प्रत्येक राज्याचं खातं वेगळं. न्यू साउथ वेल्समध्ये पाच वर्षांहून जुन्या गाडीची दरवर्षी तपासणी लागते, क्वीन्सलँडमध्ये विकताना दाखला लागतो. पश्चिमेची नोंदणी मात्र तपासणीशिवाय नूतन होते आणि मालकही तसाच बदलता येतो, तोही हजारो किलोमीटर लांबून. गाडी जिथे कायमची असेल तिथे नोंदवावी असा नियम आहेच. पण भटक्याची गाडी कायमची कुठे असते? माझ्या आधी ती एका फ्रेंच जोडप्याकडे होती, त्यांच्या आधी आयरिश पोराकडे. डॅशबोर्डच्या कप्प्यात पोर्ट हेडलँडच्या पेट्रोल पंपाची पावती अजून आहे. त्यात माझी मिल्ड्युराची भर पडली. तिथे मी बेदाण्याच्या हंगामात राबलो. आपल्याकडे शेडवर मणी पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलमध्ये बुडवतात, तेच मिश्रण तिथे वेलीवर फवारतात आणि मणी वेलीवरच वाळवतात. आबांना व्हिडिओ पाठवला तर म्हणाले, “मजुरी वाचती की!”

तळघरातल्या बाजाराची सद्दी पुढे इंटरनेटने संपवली. त्यातली गंमत अशी, की इथे जुन्या गाड्यांसाठी जी ‘गमट्री’ वेबसाइट प्रत्येकाच्या तोंडी आहे, ती जन्मली लंडनमध्ये, २००० साली, तिथे आलेल्या ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिकेच्या पोरांच्या सोयीसाठी. गमट्री म्हणजे निलगिरी. मार्केट रोडवर व्हॅन विकणाऱ्यांची सावली असं नाव घेऊन मायदेशी परतली.

आणि आता आम्ही. व्यापार करारात भारतीयांसाठी वर्षाला १,००० जागा आल्या. १८ ते ३० वय, निवड चिठ्ठ्या टाकून. माझा नंबर लागला तेव्हा मी २९ वर्षांचा होतो. ब्रिस्बेनला ही फाल्कन घेतली त्या फ्रेंच जोडप्याचं विमान तीन दिवसांवर होतं, हे त्यांनीच आल्याआल्या सांगितलं. त्यांनी ३,८०० डॉलर मागितले होते, मी २,९०० ला घेतली. तेव्हा स्वतःच्या हुशारीचं कौतुक वाटलं होतं. आता वाटतं, त्यांना एखादं घर राखायला मिळायला हवं होतं.

पहिले दोन जर्मन आले, बॉनेट उघडलं, तोंड वाकडं केलं, गेले. मग तीन दिवस कोणी नाही. चौथ्या दिवशी लुधियानाचा एक मुलगा आला, आमच्यानंतरच्या हजारांतला. खाली वाकून गंज बघितला, डिपस्टिक काढून तेल बघितलं आणि मग सहज विचारावं तसं हिंदीत विचारलं, “भैया, फ्लाइट कब की है?”

त्याच्याही घरी कुणीतरी बैलबाजाराला जाणारं असणार.

मी म्हटलं, मालक यायला वेळ आहे, तोवर घर सोडता येत नाही. ते खरंच होतं. त्याने कोंबड्यांकडे पाहिलं, कुत्रीकडे पाहिलं, आणि ३,३०० वर आला. मागचं दार थोडं उचलून मग ओढायचं, हे मी त्याला दोनदा करून दाखवलं. पावती केली, फॉर्मवर दोघांनी सह्या केल्या.

संध्याकाळी कुत्री रिकाम्या जागेवरचा तेलाचा डाग हुंगत होती. आबांना आकडा सांगितला.

“दोनशे अजून आले असते,” ते म्हणाले.