कृष्णाकाठचा नेम

मनःशांतीसाठी आज माणूस शिबिराला जातो. चार दिवस मौन पाळतो, श्वासाकडे लक्ष देतो, लाइफ कोचशी बोलून नवा संकल्प करतो. घरी परतल्यावर महिनाभरात सारे जिथल्या तिथे येते. मग दोष कधी शिबिराला दिला जातो, कधी स्वतःच्या चंचल मनाला. सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांचा गेल्या पावणेचारशे वर्षांचा इतिहास या अपयशाचे वेगळे कारण सुचवतो. इथे ज्यांनी लोकांच्या मनाची काळजी वाहिली, त्यांनी शांतीला नेमाला बांधले. रोज ठरल्या वेळी बसायचे, वर्षातून ठरल्या तिथीला जमायचे आणि वाट चुकली तर विचारायला जाणता माणूस असायचा. उपासना, उत्सव आणि उपदेश ही तिन्ही एकमेकांना धरून राहिली म्हणून टिकली. यातले एकच उचलले की ते फार दिवस तग धरत नाही, असे माझे म्हणणे आहे.

या रचनेचा सर्वांत ठळक पुरावा समर्थ रामदासांच्या कार्यात सापडतो. १६०८ साली मराठवाड्यातल्या जांब गावी जन्मलेले रामदास दीर्घ तप आणि तीर्थाटन करून १६४४ च्या सुमारास कृष्णाकाठी आले. मसूरला त्यांनी रामनवमीचा उत्सव सुरू केला आणि १६४८ साली चाफळला राममंदिर उभे राहिले. पुढच्यामागच्या दहाएक वर्षांत त्यांनी अकरा मारुती स्थापले. शहापूर, मसूर, उंब्रज, माजगाव, शिंगणवाडी आणि चाफळचे दोन असे सात आजच्या सातारा जिल्ह्यात येतात. बहे-बोरगाव आणि शिराळा हे सांगलीत, तर मनपाडळे आणि पारगाव हे कोल्हापुरात. या जागांची मांडणी पाहण्यासारखी आहे. बहुतेक ठिकाणे साधी खेडी आहेत. तिथल्या माणसाला रोजच्या दर्शनासाठी आणि जोर-बैठकांसाठी घर सोडून लांब जावे लागत नव्हते. रोजची उपासना आपल्या गावात आणि वर्षाचा मोठा उत्सव चाफळला, अशी ही दुहेरी वीण होती.

यावर पहिला आक्षेप असा येईल की, रामदासांचे काम बलोपासनेचे आणि समाजसंघटनेचे होते, त्यात मनःशांती कुठून आली? पण त्या काळातल्या माणसाच्या मनाला कशाने ग्रासले होते, हे आधी पाहावे लागेल. १६३० च्या भीषण दुष्काळाच्या आठवणी ताज्या होत्या आणि फौजांची ये-जा थांबत नव्हती. वाईच्या घाटांवर माघ महिन्यापासून पाळीपाळीने साजरा होणारा कृष्णाबाईचा उत्सव १६५९ साली अफजलखानाच्या स्वारीचे संकट टळावे म्हणून केलेल्या नवसातून सुरू झाला, असे वाईची परंपरा सांगते. म्हणजे त्या काळचा मनाचा मोठा रोग भय हाच होता. भ्यालेल्या माणसाला डोळे मिटून बस म्हणणे व्यर्थ आहे. आधी त्याच्या अंगात बळ यावे, शेजारी चार माणसे उभी असावीत, मग मन स्थिर होते. मारुतीचे देऊळ म्हणूनच शांतीच्या वाटेवरची पहिली पायरी ठरते.

दुसरी पायरी उपदेशाची. रामदासांच्या दासबोधाचे वीस दशक आणि दोनशे समास वाचताना जाणवते की, इथे समोर श्रोता बसलेला आहे, तो शंका काढतो आणि त्याला उत्तर मिळते. ग्रंथाच्या तिसऱ्या दशकात संसारी माणसाची दुःखे काहीही न लपवता सांगितली आहेत. कर्ज, मुलांचे मृत्यू, म्हातारपणाची हेळसांड, शरीराचे आणि मनाचे ताप हे सारे त्यात येते. दुसऱ्या दशकात मूर्खाची लक्षणे आहेत, ती वाचणाऱ्याने स्वतःला तपासून पाहावे म्हणून. एकोणिसाव्या दशकात तर अक्षर कसे काढावे, कागद कसा राखावा इथपर्यंत मार्गदर्शन आहे. ब्रह्मज्ञान सांगणाऱ्या ग्रंथाने वळणदार अक्षराची चिंता करावी यात मोठे मर्म आहे. हातातले काम नीट करण्याची सवय लागली की मनालाही वळण लागते, ही त्यामागची धारणा आहे. आजचा मार्गदर्शक ज्याला सवयी लावणे म्हणतो, ते हेच.

शके १६०३ च्या माघ वद्य नवमीला सज्जनगडावर समर्थांनी देह ठेवला. नेम व्यक्तीवर उभा नव्हता याची कसोटी इथे लागली. त्यांच्या शिष्या अक्कास्वामींनी चाफळ आणि सज्जनगडाचा कारभार पुढे सांभाळला आणि दासनवमी हा गडाचा वार्षिक उत्सव झाला. त्याआधीच मिरजेला समर्थांच्या दुसऱ्या शिष्या वेणास्वामींचा मठ उभा होता. सतराव्या शतकात एक विधवा स्त्री कीर्तनाला उभी राहते, मठ चालवते आणि इतरांना वाट दाखवते, ही गोष्ट या परंपरेची ताकद सांगून जाते.

हाच धागा एकोणिसाव्या शतकात सांगलीच्या दुष्काळी टोकाला, जत तालुक्यातल्या उमदीला पुन्हा दिसतो. भाऊसाहेब महाराज उमदीकर (१८४३ ते १९१४) हे निंबरगी संप्रदायाचे. त्यांच्या गुरुपरंपरेच्या मुळाशी लिंगायत समाजातले निंबरगी महाराज होते. रामदासी परंपरेशी त्यांचे गुरुनाते नव्हते, तरी त्यांच्या मंडळींच्या नित्यवाचनात दासबोध होता. नामस्मरणाला नियमित ध्यानाची जोड देऊन प्रपंचात राहूनच हे करायचे, असा त्यांचा दंडक होता. या संप्रदायाच्या भजनांच्या पुस्तकाचे नावच ‘नित्यनेमावली’ आहे. पहाटेची काकडआरती, दुपारचे आणि रात्रीचे भजन असा दिवस त्यात बांधून दिलेला आहे. मुंगीच्या पावलांनी जाणारी म्हणून या साधनेला पिपीलिका मार्ग म्हणत. भाऊसाहेबांचे शिष्य सिद्धरामेश्वर महाराज यांनी पुढे विचाराच्या बळावर झेप घेणारा विहंगम मार्ग सांगितला. पण त्यांच्या मंडळींतही भजनाचा नेम राहिलाच. अलाहाबाद विद्यापीठात तत्त्वज्ञान शिकवणारे गुरुदेव रा. द. रानडे आणि मुंबईत विडीचे दुकान चालवणारे निसर्गदत्त महाराज, दोघेही याच उमदीच्या झाडाच्या फांद्या.

साताऱ्याच्या माण तालुक्यात गोंदवल्याला ब्रह्मचैतन्य महाराजांनी (१८४५ ते १९१३) ही रचना आणखी सोपी केली. तेरा अक्षरी रामनाम, दारी येईल त्याला अन्न आणि अडचण घेऊन आलेल्याशी मोकळे बोलणे, एवढाच त्यांचा पसारा होता. त्यांच्या नावाने प्रसिद्ध असलेली प्रवचने वर्षाच्या दिवसांप्रमाणे, रोज एक अशी मांडली आहेत. उपदेशालाही तारीख दिली की तोही नेम होतो. मार्गशीर्षातल्या पुण्यतिथी उत्सवात रोज एकट्याने केलेला जप हजारोंच्या सोबतीत मिसळतो.

आता दुसरा आक्षेप, आणि तो वजनदार आहे. मठांना इनामे होती. चाफळच्या उत्सवाला १६७८ साली शिवाजी महाराजांची सनद मिळाली. या व्यवस्थेत जातीची उतरंड होती, आणि दिवसभर राबणाऱ्या कुळाला ध्यानाला फुरसत कुठली? हे नाकारण्यात अर्थ नाही. मठांचा कारभार बराच काळ वरच्या जातींच्या हाती राहिला आणि त्याने या विचाराचे नुकसानच झाले. मात्र नामाचा नेम स्वतः सनदेवर किंवा फुरसतीवर अवलंबून नव्हता. मोटेवर, जात्यावर, दुकानाच्या गल्ल्यावर बसूनही तो चालत असे. दोष व्यवस्थेचा होता, तो दूर करण्यासाठी नेम टाकून देण्याची गरज नाही. तिसरा आक्षेप वैद्यकाचा. खोल नैराश्य किंवा मनाचा आजार जपाने बरा होईल असे कोणी सांगत असेल तर ते घातक आहे. वेणास्वामींचा मठ ज्या मिरजेत आहे, त्याच मिरजेत १८९४ साली डॉ. वानलेस यांचे रुग्णालय सुरू झाले आणि ते गाव दवाखान्यांचे गाव झाले. मठात जाणारा माणूस डॉक्टरकडेही जातो. नेम मनाला बळ देतो, औषधाची जागा घेत नाही.

म्हणून शिबिराला जरूर जावे, मार्गदर्शकाचा सल्लाही घ्यावा. पण परतताना तीन गोष्टी ठरवून याव्यात. रोजची वेळ कोणती, वर्षातला कोणता दिवस चार माणसांत काढायचा आणि आपण चुकलो तर कोणाला विचारायचे. यातली देवभक्ती ज्याला मानवत नसेल त्याने ती बाजूला ठेवावी, रचना मात्र घ्यावी. कृष्णाकाठच्या लोकांनी दुष्काळ आणि स्वाऱ्या सोसून ती जपली आहे. शांती एकदाच मिळवून ठेवता येत नाही, ती रोज राखावी लागते.