लक्षद्वीपचा मालदीव होत नसतो

कोकणचा कॅलिफोर्निया करण्याचे आश्वासन ऐकता ऐकता महाराष्ट्राच्या दोन पिढ्या म्हाताऱ्या झाल्या. त्याच घराण्यातली एक नवी घोषणा जानेवारी 2024 पासून देशभर घुमते आहे : लक्षद्वीपचा मालदीव करू. पंतप्रधानांचा लक्षद्वीप दौरा, त्यावर मालदीवच्या तीन उपमंत्र्यांची शेरेबाजी, त्यांचे निलंबन आणि मग आपल्याकडची बहिष्काराची हाक, या गदारोळात घोषणेला देशभक्तीची फोडणीही मिळाली. पण सहल देशभक्तीने ठरवली, तरी बेटाचा भूगोल बदलत नाही.

आधी पूर्वपक्ष प्रामाणिकपणे मांडू. एक : तेच नितळ लगून, तीच पांढरी वाळू, तेच प्रवाळ आपल्याकडेही आहे. लक्षद्वीपमधले मिनिकॉय बेट तर भाषेनेही मालदीवचे सख्खे भावंड. मग 2023 साली दोन लाखांवर भारतीयांनी तिकडे पैसा का ओतावा? दोन : गर्दीच्या पर्यटनाने गोव्याचे काय झाले ते दिसतेच आहे, मोजके पाहुणे आणि चढे दर असे आलिशान व्हिलांचे पर्यटन निसर्गाला सर्वांत कमी त्रास देते. तीन : बेटावरच्या तरुणाला घराजवळ रोजगार मिळतो.

यातला एकही मुद्दा हास्यास्पद नाही. मालदीवने हेच करून दाखवले आहे. 1972 साली कुरुम्बा हे पहिले रिसॉर्ट निघाले, तेव्हा तो मासळीवर जगणारा गरीब देश होता. 2011 साली तो संयुक्त राष्ट्रांच्या अल्पविकसित देशांच्या यादीतून बाहेर पडला, आणि त्यात पर्यटनाचा वाटा सिंहाचा आहे. तिथल्या वॉटर व्हिलात राहणाऱ्याचे सुखही खोटे नाही. खांबांवर उभी लाकडी खोली, जमिनीतल्या काचेखालून सरकणारे मासे आणि पहाटे चार पायऱ्या उतरले की थेट कमरेइतके कोमट पाणी! या सुखाला नाके मुरडणारे बहुधा तिथे गेलेले नसतात.

प्रश्न सुखाचा नाही, ते कशावर उभे आहे याचा आहे. मालदीवच्या यशाचे खरे भांडवल वाळू नव्हे, रिकामी बेटे. 26 कंकणद्वीपांत मिळून जवळजवळ 1,200 बेटे. त्यांतल्या 190च्या आतबाहेर बेटांवर वस्ती. उरलेल्या हजारेक निर्मनुष्य बेटांमधून सरकार एकेक बेट दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने देते. 'एक बेट, एक रिसॉर्ट' हे धोरण त्यातूनच निघाले. मद्य रिसॉर्टवर चालते, गावात नाही. गाव आणि पाहुणा यांच्यात समुद्र ठेवला, म्हणून धर्म, चालीरीती आणि धंदा एकमेकांच्या अंगावर आले नाहीत.

आता लक्षद्वीप पाहा. 36 बेटे, पैकी वस्ती 10 वर. सगळी जमीन मिळून जेमतेम 32 चौरस किलोमीटर आणि 2011च्या जनगणनेनुसार माणसे 64 हजारांवर, म्हणजे चौरस किलोमीटरला दोन हजार. उरलेल्या बेटांत बरीचशी नुसते वाळूचे ठिपके. बंगारमच्या कंकणद्वीपातले पराली-1 हे बेट तर समुद्राने गिळून टाकले. शिवाय इथले बहुतेक रहिवासी अनुसूचित जमातींत मोडतात, आणि बाहेरच्याला येण्यासाठी परवाना लागतो तो 1967च्या नियमांमुळे. मालदीवमध्ये बेट देताना कोणाला उठवावे लागत नाही. इथे जमीन मागितली की कुणाच्या तरी माडांना हात लागतो.

'सुहेली बेट तर निर्मनुष्य आहे,' असे यावर उत्तर येते. जानेवारी 2023 मध्ये टाटांच्या इंडियन हॉटेल्स कंपनीने सुहेली आणि कदमत इथे ताजची दोन रिसॉर्ट जाहीर केली : सुहेलीत किनाऱ्यावरचे 60 आणि पाण्यावरचे 50 व्हिला, कदमतमध्ये अनुक्रमे 75 आणि 35. कदमत हे पाच हजारांवर वस्तीचे, अरुंद पट्टीसारखे बेट. तिथे 'एक बेट, एक रिसॉर्ट' हे तत्त्व पहिल्याच दिवशी मोडते. सुहेलीवर कायमची वस्ती नाही हे खरे, पण वस्ती नसणे आणि वापर नसणे या दोन वेगळ्या गोष्टी. राजधानी कवरत्तीचे लोक तिथे नारळाला जातात, हंगामात मासेमारीचे तळ टाकतात, आणि हिरवी समुद्रकासवे वाळूत अंडी घालतात.

लगूनही रिकामे नाही. लक्षद्वीपचा मुख्य धंदा टूना, आपल्या कोळ्यांचा कुपा. तो जाळ्याने नव्हे, काठी आणि गळाने एकेक मासा उचलून पकडतात. त्यासाठी होडी आधी लगूनमध्ये जाते, बोटभर लांबीचे चंदेरी मासे जिवंत पकडून पाण्याच्या हौदात ठेवते आणि मग खोल समुद्राकडे वळते. थवा दिसला की हे जिवंत आमिष मुठीमुठीने फेकायचे, वरून पाण्याचे फवारे मारायचे, आणि खवळलेल्या माशांत गळ टाकायचे. आमिष नाही तर मासेमारी नाही. ज्या उथळ लगूनमध्ये व्हिलांचे खांब रोवायचे, त्यातच या धंद्याची शिदोरी आहे. मालदीवमध्येही अशीच मासेमारी चालते. पण तिथे लगूने इतकी आहेत की एक रिसॉर्टला दिले तरी दुसरे कोळ्याला उरते.

'मोजके पाहुणे, कमी त्रास' हा मुद्दा सर्वांत रुबाबदार आणि सर्वांत पोकळ. भार डोकी मोजून कळत नाही, एका डोक्यामागे किती लागते ते मोजावे लागते. प्रवाळबेटावर नदी नसते. पावसाचे पाणी सच्छिद्र वाळूत मुरते आणि खाऱ्या पाण्यावर गोड्या पाण्याचा पातळ थर तरंगत राहतो. जास्त उपसले की खालचे खारे पाणी वर येते. म्हणून 2005 साली राष्ट्रीय सागर प्रौद्योगिकी संस्थेने कवरत्तीला समुद्राचे पाणी गोडे करणारा प्रकल्प उभारला. क्षमता दिवसाला एक लाख लिटर. तिथली वस्ती अकरा हजारांच्या घरात, म्हणजे माणशी नऊ लिटर. व्हिलातला टब एकदा भरायला दीडशे लिटर तरी लागतात. एका पाहुण्याची एक आंघोळ म्हणजे कवरत्तीच्या सोळा माणसांच्या वाट्याचे दिवसाचे पाणी!

रिसॉर्ट स्वतःचे पाणी स्वतः तयार करील, हे मान्य. मालदीवची रिसॉर्टही तेच करतात. पाहुण्याला न दिसणाऱ्या झाडीआड जनित्रे धडधडत असतात, शेजारी पाणी गोडे करणारी यंत्रे, धोबीखाना, सांडपाण्याच्या टाक्या आणि कर्मचाऱ्यांच्या खोल्या. डिझेल, भाजी, मांस बाहेरून येते. कचरा राजधानी मालेजवळच्या थिलाफुशी या भराव घातलेल्या कचरा-बेटावर जातो. ज्याला आपण 'अस्पर्श निसर्ग' म्हणतो, ते एक छोटे शहर असते, फक्त नीट लपवलेले. आणि यंत्र बंद पडले की काय होते, तेही दिसले आहे : डिसेंबर 2014 मध्ये मालेच्या पाणी प्रकल्पाला आग लागली, तेव्हा लाखभर लोक तहानले आणि भारताला विमानांतून व युद्धनौकांतून पाणी पाठवावे लागले.

उरला रोजगार. बेटावरच्या मुलांनी कोचीच्या वाऱ्या करत राहावे, असे कोणी म्हणत नाही. पण इथेही मालदीवचाच दाखला उलटा पडतो. पंचवीसेक वर्षे तिथल्या गावकऱ्यांना आपल्या बेटावर पाहुणे ठेवायला मुभा नव्हती. पर्यटनाचा पैसा रिसॉर्टवाल्यांकडे जात होता. 2009च्या सुमारास राष्ट्राध्यक्ष मोहम्मद नशीद यांच्या सरकारने ही बंदी उठवली आणि माफुशीसारख्या बेटांवर घरोघर गेस्टहाउस निघाली. म्हणजे ज्या नमुन्याची आपण आज नक्कल करू पाहतो, तो मालदीवनेच दुरुस्त केला.

मग लक्षद्वीपने काय करावे? आधी प्रत्येक बेटावर गोडे पाणी किती, सांडपाणी मुरवण्याची ऐपत किती, हे मोजून खोल्यांची कमाल संख्या ठरवावी आणि ती जाहीर करावी. खोल्या बेटकऱ्यांच्या घरांत, त्यांच्या नावावर असाव्यात. ज्या लगूनमध्ये आमिषाचे मासे आणि प्रवाळ आहेत, तिथे एकही खांब रोवू नये. बंगारमवर आधीपासून पर्यटन आहे, तेच नेटके चालवावे. यातून मालदीवइतका पैसा येणार नाही, हे उघड सांगायला हवे. 32 चौरस किलोमीटरमधून तो येऊच शकत नाही. येतो असे जो सांगतो, तो हजार रिकामी बेटे हिशेबात गृहीत धरतो, आणि ती आपल्याकडे नाहीत.